वाद नको म्हणणारी शाळा



संयोजकांनी आम्हांला दिलेला विषय आहे 'शालेय अभ्यासक्रम आणि नागरिकत्वाचे शिक्षण'. कागदावर हा विषय अख्ख्या देशाएवढा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाच्या हाती असा विषय दिला की तो अ‍ॅरिस्टॉटलपासून सुरुवात करतो, हा आपला अनुभव असेल. आज अ‍ॅरिस्टॉटल येईल, पण मागून. आधी अंबड तालुका.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि आपल्या जिल्ह्यातलं एक गाव महिनोन् महिने देशाच्या बातम्यांत राहिलं. पुढच्या जूनमध्ये त्याच तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून दुसरं उपोषण बसलं. ही दोन गावं एकमेकांपासून किती लांब आहेत हे जालन्याच्या श्रोत्यांना सांगायला नको. दोन्ही मांडवांत माणसं होती, दोन्हींकडे हातात कागद होते, दोन्हींकडे संविधानाचं नाव घेतलं जात होतं. आणि दोन्ही बाजूंच्या घरांतली पोरं एकाच शाळेत, कधी एकाच बाकावर बसत होती.

आमचा प्रश्न एवढाच आहे. या काळात दहावीच्या वर्गात राज्यशास्त्राचा तास चालू होता. त्या तासाला काय झालं?

याचं उत्तर आम्ही जिथं जिथं विचारलं तिथं साधारण एकच मिळालं. काही झालं नाही. 'निवडणूक प्रक्रिया' झाला, 'राजकीय पक्ष' झाला, स्वाध्याय लिहून घेतले. मांडवाचा विषय निघाला तर सरांनी सांगितलं, इथं वाद नको.

'वाद नको' हे आपल्या शाळांचं खरं ब्रीदवाक्य आहे, भिंतीवर काहीही रंगवलेलं असो. आज आम्ही टीका करणार आहोत ती या दोन शब्दांवर. सरांवर नाही. सरांचं पुढे बोलू, त्यांची बाजू मोठी आहे.

आधी मुलांकडे काय आहे ते बघा. पंधरा वर्षांच्या मुलाला आज आपल्याकडे 'कुणबी नोंद' म्हणजे काय ते माहीत असतं. 'सगेसोयरे' हा शब्द २६ जानेवारी २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यातला, हे त्याला माहीत असतं. पन्नास टक्क्यांची मर्यादा, क्युरेटिव्ह पिटिशन, हैदराबाद गॅझेट हे शब्द त्याच्या जिभेवर असतात. आम्ही एम.ए.ला शिकवत होतो तेव्हा एवढी घटनात्मक शब्दसंपत्ती वर्गात नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ही सगळी त्याला मांडवातून, रिक्षावरच्या भोंग्यातून, मोबाइलवरच्या स्टेटसमधून मिळाली आहे, आणि एकाच बाजूची मिळाली आहे. मर्यादा आहे हे कळलं. ती १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात कोणत्या युक्तिवादाने आली, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा कशासाठी रद्द केला, २० फेब्रुवारी २०२४ ला विधिमंडळाने पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा कशाच्या आधारावर केला, हे कळलं नाही. समोरच्या मांडवातला माणूस काय म्हणतो, हे तर मुळीच नाही. त्याची फक्त जात कळली.

आता शाळेकडे काय आहे? शाळेकडे परिपाठ आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. या परिपाठाला इतिहास आहे आणि तो थोडा उलगडला पाहिजे, कारण सगळी मेख तिथं आहे.

'नागरिकशास्त्र' हा विषय आपल्याकडे इंग्रजांनी आणला. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या विल्यम ली-वॉर्नर या गृहस्थांनी १८९७ साली 'द सिटिझन ऑफ इंडिया' नावाचं शालेय पुस्तक लिहिलं. सिटिझन! ज्याला मत नाही, ज्याचा कायद्यात हात नाही, तो सिटिझन. त्याच साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने हे सरळ सांगितलं: नागरिकशास्त्राचा जन्म वसाहतकाळात निष्ठा आणि आज्ञाधारकता शिकवण्यासाठी झाला, म्हणून आता त्याच्या जागी राज्यशास्त्र हवं. नाव बदललं. निष्ठा शिकवण्याची सवय मात्र नावात नव्हती, ती पद्धतीत होती.

आपलं मराठवाड्याचं तर आणखीच वेगळं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपले वाडवडील निजामाची रयत होते. नागरिक हा शब्द इथं उर्वरित भारतापेक्षा वर्षभर उशिराच पोहोचला. पण नागरिकत्वाचा धडा आधीच गिरवला गेला होता, आणि तो शाळाकॉलेजांच्या परवानगीने नव्हता. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला, त्यांची नावं काढून टाकली गेली, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आत घेतलं. आज त्या सत्याग्रहाचा गौरव होतो तेव्हा गीताचा होतो. त्या पोरांनी जे केलं त्यातला नागरिकत्वाचा भाग हा होता की त्यांनी अधिकाऱ्याला 'का?' असं विचारलं आणि परिणाम भोगले. गौरवाच्या भाषणात 'का' गळून पडतो.

पुढे नव्वदच्या दशकात आपल्या राज्यात मूल्यशिक्षण आलं. दहा मूल्यं. सभागृहात शिक्षक असतील त्यांना ती झोपेतही म्हणता येतील: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. ही यादी आम्ही विद्यार्थ्यांपुढे फळ्यावर लिहीत असू आणि विचारत असू, यात खटकतं काय? हुशार मुलं सांगत: समानता आणि नीटनेटकेपणा एका ओळीत बसलेत. एक घटनेचा पाया आहे, दुसरी चांगली सवय आहे. बरं, यादीत न्याय कुठं आहे? स्वातंत्र्य? उद्देशिकेत न्यायाचा क्रमांक पहिला आहे. मूल्यांच्या यादीत तो नाहीच. ज्या गोष्टीवरून माणसांत मतभेद होऊ शकतो, जिच्यासाठी कुणाला तरी जाब विचारावा लागतो, ती बाहेर राहिली. जिच्यावरून भांडण होऊच शकत नाही, तिला नंबर मिळाला. नखं कापावीत याला विरोधी पक्ष नाही.

मग जानेवारी २०२० मध्ये शासनाने प्रजासत्ताकदिनापासून शाळांत उद्देशिकेचं सामूहिक वाचन करायला सांगितलं. आमचे पुरोगामी मित्र आनंदले. आम्हीही आनंदलो, नाही म्हणत नाही. दोनच महिन्यांत कोविडनं शाळा बंद केल्या, तो भाग वेगळा. पण शाळा उघडल्यावर काय झालं? उद्देशिका प्रतिज्ञेच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याच चालीत म्हटली जाऊ लागली. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मूल्यांच्या प्रकरणात मनुस्मृतीतला एक श्लोक निघाला आणि मनाचे श्लोक, गीतेचा अध्याय यांच्या पठणाची सूचना निघाली. मोठं वादळ झालं, महाडला आंदोलन झालं, मनुस्मृतीचा श्लोक नको अशी माघार सरकारला घ्यावी लागली.

त्या वादळात एक गोष्ट कुणी विचारली नाही, ती आज विचारू. तो श्लोक काय सांगत होता? मोठ्यांना नित्य वंदन करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, असा त्याचा आशय. भांडण झालं ते ग्रंथावरून, आणि मनुस्मृतीवरून भांडण व्हायलाच हवं, १९२७ नंतर महाराष्ट्रात ते अटळ आहे. पण समजा हाच आशय एखाद्या निर्मळ, निर्विवाद ग्रंथातून घेतला असता तर? तो नागरिकत्वाच्या शिक्षणात बसला असता का? नमस्कार करा, फळ मिळेल, हा विचार घरात गोड आहे. ग्रामसेवकासमोर, तहसीलदारासमोर, आमदारासमोर तो विचार घेऊन उभा राहिलेला माणूस नागरिक नसतो, अर्जदार असतो.

आणि मनाचे श्लोक. रामदासस्वामी आपले. जांब घनसावंगी तालुक्यातलं, जालन्याचंच. त्यांच्यावर बोलताना आम्हांला परका म्हणता येणार नाही. दोनशे पाच श्लोक, आणि नावातच सांगितलंय की ते मनाला उद्देशून आहेत. माणूस स्वतःच्या मनाशी बोलतो, त्याला आवरतो. फार मोठी गोष्ट आहे ती. पण नागरिकत्व सुरू होतं ते समोर दुसरं मन आल्यावर. तेही माझ्यासारखंच हट्टी असतं, त्यालाही मताचा तेवढाच अधिकार असतो आणि त्याला आवरण्याचा मला काही हक्क नसतो. मनोनिग्रहाने ही अडचण सुटत नाही. म्हणजे रामदासांचा दोष नाही. त्यांच्याकडून न मागायची गोष्ट आपण मागतो आहोत.

तर मंडळी, एक बाजू म्हणते उद्देशिका म्हणा, दुसरी म्हणते श्लोक म्हणा. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात. 'म्हणा' यावर मात्र दोघींचं एकमत आहे. महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमाच्या वादाचं आमचं निदान हे असं आहे, ते दोन्ही बाजूंच्या मित्रांना आवडणार नाही.

इथं आता अ‍ॅरिस्टॉटलला बोलावू. तो म्हणतो, माणूस न्यायी कृती करून करूनच न्यायी होतो, जसं बांधकाम करून गवंडी होतो. न्यायाची व्याख्या पाठ करून नाही. त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचे बाबासाहेब. ते १९१३ ते १६ कोलंबिया विद्यापीठात होते, तिथं जॉन ड्यूई शिकवत होते, आणि ड्यूईंचा 'लोकशाही आणि शिक्षण' हा ग्रंथ १९१६ चा. लोकशाही ही आधी एकत्र जगण्याची रीत आहे, सरकारचा प्रकार नंतर, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या लेखनात जागोजाग दिसतो. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी ग्रोट या इतिहासकाराचा हवाला देऊन घटनात्मक नीतीची गोष्ट काढली. ती निसर्गतः माणसात नसते, ती रुजवावी लागते, असं त्यांचं म्हणणं. रुजवणं म्हणजे काय हे शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात आम्ही काय सांगावं? बियाणाच्या पिशवीवरचा मजकूर रोज सकाळी मोठ्याने वाचून सरकी उगवत नाही.

एक प्रयत्न वेगळा होता, त्याचं नाव घेतलंच पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने पाचशे शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. पुढे ते राज्यभर गेलं. त्यात मुलं जोडीत बोलतात, गटात बसतात, नियम स्वतः ठरवतात, भांडण झालं तर दोघांचं ऐकून घेतात. इथं 'म्हणा' नाही, 'करा' आहे. त्याची मर्यादा आमच्या मते अशी की त्यातलं भांडण खेळातल्या चेंडूचं राहतं. प्राथमिकला तेच योग्य आहे. पण ते मूल मोठं होऊन दहावीत येतं, भांडण चेंडूवरून नोकरीवर आणि प्रवेशावर येतं, आणि नेमकं तेव्हा पद्धत संपते आणि गाइड सुरू होतं.

आता दहावीच्या पुस्तकाकडे येऊ. २०१८ चं बालभारतीचं 'इतिहास व राज्यशास्त्र'. एक सांगतो, हे पुस्तक वाईट नाही. राज्यशास्त्राच्या पाच पाठांत चौथा आहे 'सामाजिक व राजकीय चळवळी' आणि पाचवा 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने'. चळवळ लोकशाहीत हवी असते, ती गोंधळ नसते, हे शासनाच्या पुस्तकात छापलेलं आहे. आदिवासी, शेतकरी, कामगार, स्त्रिया, पर्यावरण, ग्राहक अशा चळवळी आहेत. पण सगळ्या अशा सांगितल्यात की विद्यार्थ्याला बाजू घेण्याची किंवा तोलण्याची पाळीच येऊ नये. चळवळीची मागणी आहे, मागणीला विरोध करणारा माणूस नाही. तो का विरोध करत होता, त्याच्या म्हणण्यात काही तथ्य होतं का, हे नाही. एका हाताची टाळी. वडीगोद्री आणि अंतरवाली समोरासमोर आली की या पद्धतीची चळवळ विद्यार्थ्याच्या काही कामाची राहत नाही.

याच पुस्तकात इतिहासाच्या भागात एक गंमत आहे, आणि आम्हांला ती फार महत्त्वाची वाटते. दहावीचा इतिहास इतिहासलेखनाबद्दल आहे: साधनं, त्यांची चिकित्सा, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. आणि त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं? सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत निजामकाळातले दप्तर उघडलं. मोडीतले, उर्दूतले कागद. वाचणारी माणसं शोधावी लागली. एका नोंदीवर कुणाच्या तरी नातवाचा प्रवेश अवलंबून. इतिहासाचं साधन म्हणजे काय, ते कुणी कशासाठी तयार केलं, त्यावर विश्वास किती ठेवायचा, हा पाठ इतका जिवंत होऊन जगाच्या पाठीवर कुठल्या दहावीच्या वर्गासमोर आला असेल? पुस्तकाचा पूर्वार्ध, उत्तरार्ध आणि अंबडची तहसील कचेरी या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवता आल्या असत्या. ओवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं करण्याची शाळेत प्रथा नाही.

शिक्षकांची बाजू आता बघू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणुकीचे नियम लागू आहेत, राजकारणात भाग घेता येत नाही. ठीक आहे. त्याला स्वतःला एक जात आहे आणि ती गावाला माहीत आहे. तो काहीही बोलला तरी जातीनं ऐकलं जाणार. मागच्या बाकावर मोबाइल असेल तर संध्याकाळपर्यंत तीस सेकंदांची चित्रफीत गावभर. आणि तरी जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी हाच शिक्षक मोबाइलमध्ये अ‍ॅप घेऊन घरोघर फिरला. दीडशेच्या आसपास प्रश्न होते त्यात. घर कसलं, जमीन किती, लग्नं कशी होतात. म्हणजे ज्या विषयाची माहिती त्याने दारोदार गोळा करायची, त्याच विषयावर वर्गात तोंड उघडायचं नाही. गणक म्हणून तो विश्वासू, शिक्षक म्हणून संशयित. अशा माणसाने 'वाद नको' म्हटलं तर त्यात भित्रेपणा शोधणं आम्हांला अन्यायाचं वाटतं. त्याला संरक्षण देईल असं एक पानही अभ्यासक्रमात नाही. वादग्रस्त विषय वर्गात कसा घ्यावा, शिक्षकाने स्वतःचं मत कधी सांगावं, कधी राखावं, एखाद्या पालकाने तक्रार केली तर मुख्याध्यापकाने काय म्हणावं, यावर शासनाचा कागद पाहिजे. मूल्यांवर कागद पुष्कळ आहेत.

शाळेतही लोकशाही चालते, असं कुणी म्हणेल. शालेय मंत्रिमंडळ असतं, आता तर मोबाइलवर मतदान घेऊन निवडतात. फोटो छान येतो. पण पाणीमंत्र्याकडे टाकीची किल्ली नसते आणि खिचडी बेचव झाली तर आहारमंत्र्याला कुणी विचारत नाही. अधिकाराशिवाय पद, ही फार लवकर दिलेली वाईट शिकवण आहे. पुष्कळ गावांत पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की मुलांना खाऊ देऊन घरी पाठवतात आणि मग ग्रामसभा बसते. सहावीच्या पुस्तकात ग्रामसभा आहे. पन्नास पावलांवर खरी ग्रामसभा आहे. दोन्हींची गाठ पडत नाही. कोरम झाला की नाही, सही आधी घेतली की नंतर, पाण्याचा विषय कुणी बोलू दिला नाही, हे मुलांनी एका कोपऱ्यात बसून वहीत लिहिलं तर तो प्रकल्प होईल. गावातल्या किती पुढाऱ्यांना तो आवडेल ते आम्ही सांगत नाही.

आता मुख्य धोक्याचं बोलू. ज्या दोन पाठांचा आम्ही उल्लेख केला, चळवळी आणि आव्हानं, तसेच पाठ एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात होते. 'लोकशाही आणि विविधता', 'लोकलढे आणि चळवळी', 'लोकशाहीपुढील आव्हाने'. २०२२ मध्ये कोविडनंतरचं ओझं कमी करायचं म्हणून ते वगळले गेले. ओझं कमी करायला त्यांना नेमकं हेच जड वाटलं. त्या पुस्तकमालेचे मुख्य सल्लागार होते सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. जून २०२३ मध्ये दोघांनी पत्र लिहून पुस्तकांवरची आपली नावं काढून टाका म्हणून सांगितलं. पळशीकर पुण्याचे, आपल्या विद्यार्थ्यांना मराठीतून राज्यशास्त्र शिकवलेले. लेखकाला आपल्या पुस्तकावर नाव नको असावं, ही विद्येच्या क्षेत्रात लहान घटना नाही.

आपल्या राज्याचं धोरण आता सीबीएसईच्या वळणाने, एनसीईआरटीच्या साच्यावर पुस्तकं करण्याचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये जे टप्पे जाहीर झाले त्यांत दहावीची पाळी २०२८-२९ ला येते. त्या वेळी सगळं लक्ष पहिलीपासूनच्या हिंदीवर गेलं, जूनअखेर ते शासन निर्णय मागे घेतले गेले, आणि मराठी भाषेसाठी लोक एकत्र आले याचं आम्हांला समाधान आहे. पण भाषेसाठी जेवढा आवाज झाला त्याच्या शंभरावा हिस्साही या दोन पाठांसाठी झालेला नाही. मराठीतून शिकायचं हे ठरलं. मराठीतून काय शिकायचं, यावर कुणी रस्त्यावर येत नाही.

नवीन पुस्तकांत भारतीय ज्ञान परंपरेला मोठं स्थान असणार असं सांगतात. अवश्य असावं. आम्ही आयुष्यभर तीच शिकवली. त्यातून एक गोष्ट घ्या म्हणावं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं फक्त तोडायचं ती वितंडा. म्हणजे 'वाद' हा शब्द परंपरेत सर्वांत वरच्या पायरीवर होता. आपण मराठीत त्याचा अर्थ भांडण केला आणि मग म्हणू लागलो, वाद नको. आणि वादाचा नियम काय? आधी पूर्वपक्ष. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत, त्याच्या उत्तम रूपात मांडायचं, आणि मग आपलं. शंकराचार्य असोत की धर्मकीर्ती, पूर्वपक्ष कच्चा मांडणाऱ्याला पंडित मानत नसत.

हा नियम दहावीच्या वर्गात उतरवायला पैसे लागत नाहीत. अंतरवालीच्या बाजूच्या मुलाने वडीगोद्रीचं म्हणणं लिहायचं: राखीव जागा तेवढ्याच, वाटेकरी वाढले तर आमच्या लहान लहान जातींच्या वाट्याला काय उरणार. वडीगोद्रीच्या बाजूच्या मुलीने अंतरवालीचं लिहायचं: शेती तुकड्यांत गेली, पाऊस नाही, विदर्भातला आमचा नातलग कुणबी ठरतो आणि आम्ही निजामाच्या हद्दीत होतो म्हणून नाही. लिहिलेलं एकमेकांना दाखवायचं, आणि 'हो, आम्ही हेच म्हणतो' असं समोरच्यानं म्हटलं की गुण. कोण बरोबर, हे शिक्षकाने सांगायचं नाही; ते न्यायालय आणि विधिमंडळ सांगेल, आणि ते कसं सांगतात हा पुढचा तास.

यावर आक्षेप येतो की मुलं लहान आहेत, जात वर्गात आणली तर भांडणं होतील. जात वर्गात आणायची काही गरज नाही, ती हजेरीपटावर आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत आहे, डबा कुणाबरोबर खायचा यात आहे. मराठवाड्यात दुकानं, सलून, चहाच्या टपऱ्या यांचंही गिऱ्हाईक जातीनं वाटलं गेल्याच्या गोष्टी गेल्या दोन वर्षांत कानावर आल्या. नामांतराच्या वेळी, विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, या मधल्या सोळा वर्षांत या भागातल्या मुलांना जे कळलं ते ज्याच्या त्याच्या घरातल्या बाजूचं कळलं. त्या पिढीतले लोक आज पालक आहेत, काही आजोबा आहेत, आणि दोन्ही मांडवांत तेच बसले होते.

दुसरा आक्षेप खरा आहे: शिक्षकच एका बाजूचा असेल तर? असेल. म्हणून तर पूर्वपक्ष लेखी हवा, आणि साधनं पुस्तकात छापलेली हवीत. निकालांचे सोप्या मराठीतले सारांश, आयोगांच्या अहवालांतले उतारे, दोन्ही बाजूंची निवेदनं. पुस्तकात असेल तर शिक्षक म्हणू शकतो, हे शासनानं छापलंय. आपल्याकडे याहून मोठी ढाल नाही.

तेव्हा २०२८-२९ कडे बघा. अंतरवालीला लाठीमार झाला तेव्हा जी मुलं पाचवीत होती, नवीन दहावीचं पुस्तक त्यांच्या हातात पडणार आहे. त्या पुस्तकाचा मसुदा कधी तरी संकेतस्थळावर येईल, बहुधा मे महिन्याच्या सुट्टीतच, आणि हरकतींना मोजके दिवस असतील. चळवळींचा आणि आव्हानांचा पाठ त्यात आहे का, एवढं एक पान उघडून बघायचं आणि नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने हरकत पाठवायची. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आहेत आणि निम्म्या स्त्रिया आहेत. बहुतेक समित्यांत ठराव आधी लिहिलेला असतो आणि सह्या नंतर होतात, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

समोर अंबड, घनसावंगीकडून आलेले शिक्षक बसलेले दिसताहेत. त्यांच्या वर्गात या दोन वर्षांत काय झालं ते त्यांच्याकडून ऐकायचं आहे, म्हणून आम्ही इथं थांबतो. ध्वनिक्षेपक तिकडे द्या.